बोट कुणासाठी थांबत नाही

लहानपणी मे महिन्याच्या सुटीत आम्ही भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने वेंगुर्ल्याला जायचो. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर समुद्रात उभी राही आणि पडावातून माणसं, ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या असं सगळं काठावर येई. पडावात पाय ठेवण्याआधी वडील एकच प्रश्न विचारायचे, "डाग मोजले का?" आजी मात्र आपली कापडी पिशवी कुणाच्याही हातात द्यायची नाही. तिच्यात तिची औषधं, थोडे पैसे, एक लुगडं आणि दशम्या असायच्या. "बाकीचं सामान बुडालं तरी दोन दिवस काढता आले पाहिजेत," असं ती म्हणायची. आणि धक्क्यावर पोचायला उशीर होऊ लागला, की तिचं दुसरं वाक्य ठरलेलं असायचं, "बोट कुणासाठी थांबत नाही हो!"

पुढे चाळीसेक वर्षांनी मी, माझे यजमान आणि माझ्या मोठ्या नणंदबाई, ज्यांना आम्ही अक्का म्हणतो, असे तिघे भूमध्य समुद्रातल्या क्रूझला गेलो. बार्सिलोनाहून निघून पाल्मा, मार्सेय, लिव्होर्नो, चिव्हितावेक्किया आणि नेपल्स अशी बंदरं घेत परत बार्सिलोना, असा सात रात्रींचा प्रवास. बारा-तेरा मजली बोट, लिफ्ट, पोहण्याचे तलाव आणि चोवीस तास खाणं. वेंगुर्ल्याच्या आगबोटीशी तिची तुलनाच नको. पण आठवडा संपला तेव्हा कळलं, की आजीची दोन्ही वाक्यं इथेही तशीच्या तशी लागू होती.

अलीकडे ओळखीतले बरेच जण अशा सफरींना निघतात. ते विचारतात, "काय काय न्यायचं?" माझ्या मते आधी दुसरा प्रश्न विचारावा. आपलं सामान आणि आपण, किंवा बोट आणि आपण, यांची ताटातूट कधी कधी होणार आहे? अशा तीन वेळा असतात. त्या तीन वेळांचा हिशेब आधी केला, की बॅग जवळजवळ आपोआप भरली जाते.

पहिली ताटातूट : चढतानाची

बंदरावर पोचताच हमाल आपल्या मोठ्या बॅगा ताब्यात घेतात. बॅगेवर आपल्या खोलीचा क्रमांक लिहिलेला कागदी पट्टा असतो. बॅगा तपासणीतून जातात आणि मग खोलीच्या दाराशी येतात. हजारो प्रवाशांच्या हजारो बॅगा असल्याने याला काही तास लागतात. दुपारी बारा वाजता दिलेली बॅग संध्याकाळी सात वाजताही येऊ शकते.

आमच्या बाबतीत तसंच झालं. अक्कांना इन्सुलिन घ्यावं लागतं. विमानात त्यांनी ते व्यवस्थित हातातल्या पिशवीत ठेवलं होतं. पण बंदरावर, आता काय, आपण बोटीवर पोचलोच, असं म्हणून त्यांनी हात मोकळा व्हावा म्हणून तो बटवा मोठ्या बॅगेत सरकवला. आम्ही वर गेलो. समोर भरलेली टेबलं होती आणि दुपारच्या इंजेक्शनची वेळ झाली होती. बॅग कुठे आहे हे कुणालाच सांगता येईना. आम्ही बोटीवरच्या दवाखान्यात जाऊन सांगून ठेवलं. अक्का जवळजवळ उपाशी बसून राहिल्या. बॅग आली तेव्हा पावणेसात वाजले होते. त्या दिवशी काही विपरीत घडलं नाही, पण ते सहा तास मी विसरलेले नाही.

म्हणून औषधं कायम हातात ठेवावीत. विमानातही आणि बोटीतही. इन्सुलिन तर विमानाच्या सामानकक्षात कधीच ठेवू नये, कारण तिथल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकतं. गोळ्या मूळ पाकिटातच असाव्यात आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. तिच्यावर औषधाचं कंपनीचं नाव आणि मूळ घटकाचं नाव अशी दोन्ही लिहून घ्यावीत, कारण आपल्याकडचं कंपनीचं नाव परदेशातल्या औषधवाल्याला बहुधा ठाऊक नसतं. सहलीचे दिवस मोजून त्याहून निदान चार दिवसांची औषधं जास्त घ्यावीत.

हातातल्या पिशवीत औषधांशिवाय पासपोर्ट, बोटीची कागदपत्रं, चष्म्याची दुसरी जोडी, फोनचा चार्जर, एक पातळ स्वेटर आणि बदलायचा एक जोड ठेवावा. पहिल्याच दुपारी पोहण्याच्या तलावात उतरायचं असेल तर पोहण्याचे कपडेही. बॅग रात्री आली तरी आपलं अडू नये, एवढाच निकष.

याच दिवशी जीवरक्षणाची कवायत असते. लोक तिला कंटाळतात. आपण कंटाळू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट चिव्हितावेक्कियाहून निघाली, त्याच रात्री जील्यो बेटाजवळ खडकावर आदळली आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या सुमारे सातशे प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांत कवायत घेतली तरी चालत असे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून बोट निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच कवायत घ्यावी लागते. संकटात आपण कुठे जमायचं, ती जागा आपल्या पायांनी एकदा चालून पाहावी. त्याला दहा मिनिटं पुरतात.

आणि या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट. बोट सुटण्याच्या दिवशीच विमानाने पोचण्याचा बेत करू नये. आदल्या दिवशी पोचावं. एका रात्रीचं हॉटेल महाग वाटतं, पण विमान चुकल्यावर पुढच्या बंदरापर्यंत करावी लागणारी धावपळ त्याहून कितीतरी महाग पडते.

बॅगेत काय, आणि काय नको

बोटीतली साधी खोली १६० ते १८० चौरस फुटांची असते. आपल्या मुंबईकरांना त्याचं नवल नाही. कपडे कपाटात लावून रिकामी बॅग पलंगाखाली सरकवता येते. प्लगच्या जागा मात्र थोड्या असतात. खोलीच्या भिंती बहुधा धातूच्या असतात, म्हणून चुंबकाचे चार हुक न्यावेत. टोप्या, पिशव्या, ओला टॉवेल असं सगळं त्यांना टांगता येतं.

काही वस्तू बोटीवर चालत नाहीत, आणि नेमक्या त्याच आपल्या घरातून निघतात. पाणी तापवायची विजेची किटली, कॉइल, इस्त्री, छोटा राइस कुकर, उदबत्ती, निरांजन. बोटीवर सगळ्यात मोठी भीती आगीची असते, म्हणून ही बंदी. तपासणीत सापडलं तर ते काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. खाण्याचंही तसंच. घरी केलेले पदार्थ बहुतेक बोटींवर नेऊ देत नाहीत. कंपनीचं बंद पाकीट बहुधा चालतं. युरोपात शिरताना आपल्याकडून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तुपाचा डबा घरीच ठेवायचा. चिवडा, शेंगदाण्याची चटणी यांची बंद पाकिटं आमच्यासोबत होती. जेवणाची आबाळ मुळीच होत नाही. शाकाहारी जेवणाची सूचना मात्र आरक्षण करतानाच देऊन ठेवावी.

कपडे सुती किंवा लवकर वाळणारे असावेत. एखाद-दुसऱ्या रात्री नटून जेवायला जायचा रिवाज असतो. तिथे आपल्या बायकांचा प्रश्न एका हलक्या रेशमी साडीने सुटतो. पुरुषांना कोट नेलाच पाहिजे असं नाही, बहुतेक बोटींवर पूर्ण बाह्यांचा चांगला शर्ट चालतो. बूट मात्र वापरून मऊ झालेलेच न्यावेत. नवे बूट घालून पॉम्पेईच्या दगडी रस्त्यांवर उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. बिचारी दुपारनंतर काही बघत नव्हती, फक्त बसायला जागा शोधत होती.

बोट लागण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या आधीच आणाव्यात. त्या त्रास सुरू होण्यापूर्वी घेतल्या तर जास्त उपयोगी पडतात. खोली निवडता आली तर खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यभागाची घ्यावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात. अक्का आलेपाक घेऊन आल्या होत्या. गरज पडली नाही, पण तिसऱ्या दिवशीच संपला!

आणखी एक. बोट समुद्रात गेली की फोन उपग्रहामार्फत चालणारं बोटीचं जाळं पकडतो, आणि त्याचे दर डोळे पांढरे करतात. बंदर सोडताच फोन विमानाच्या मोडवर टाकावा.

दुसरी ताटातूट : बंदराचा दिवस

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. सकाळी बोट बंदराला लागते, आपण उतरतो, संध्याकाळी परततो. चढण्याची शेवटची वेळ बोट सुटण्याआधी अर्धा तास, कधी एक तास असते. ती रोजच्या पत्रकात छापतात आणि उतरण्याच्या दाराशीही लिहितात. स्पेन, फ्रान्स, इटली यांची घड्याळं एकच आहेत. पण ग्रीस एक तास पुढे आहे. तिकडच्या सफरीत बोटीचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ वेगळं असू शकतं. फोन गावाची वेळ दाखवतो आणि बोट मात्र स्वतःच्या घड्याळाने सुटते. म्हणून मनगटावर साधं घड्याळ बांधावं आणि ते बोटीच्या वेळेला लावावं.

आता हिशेब. तो सकाळपासून सुरू करायचा नाही, संध्याकाळपासून उलटा करायचा. उदाहरण रोमचंच घेते. जाहिरातीत 'रोम' लिहिलेलं असतं, पण बोट लागते चिव्हितावेक्कियाला, आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. आमची चढण्याची शेवटची वेळ सहाची होती. साडेपाचला बोटीपाशी पोचायचं, म्हणजे पाचला चिव्हितावेक्किया स्टेशनात उतरायला हवं, कारण स्टेशनापासून बंदराचं फाटक आणि फाटकापासून बोट यांत बस, रांग आणि तपासणी आहे. व्हॅटिकनजवळच्या सान पिएत्रो स्टेशनावरून गाडीला साधारण पन्नास मिनिटं लागतात. म्हणजे चारची गाडी. आणि ती गाडी आलीच नाही तर? म्हणून आणखी एक तास मागे. तीन वाजता आपण सान पिएत्रोच्या फलाटावर उभं असलं पाहिजे.

सकाळी सातला बोट लागली, तरी उतरून रोमला पोचायला पावणेदहा होतात. हातात उरले पाच तास. पाच तासांत व्हॅटिकनची संग्रहालयं आणि कोलोसियम दोन्ही नीट होत नाहीत. एक निवडावं. आम्ही सेंट पीटर्स आणि आसपासचा भाग निवडला. निवडण्याआधी वारही पाहावा. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. फ्लॉरेन्सची उफीत्सी आणि अकादेमिया सोमवारी बंद असतात. सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, म्हणून उन्हाळ्यातही पिशवीत एक ओढणी असू द्यावी.

आमचे 'हे' म्हणाले, "अगं, चारची गाडी चालेल की! तासभर अजून हिंडू." मी आजीचं वाक्य ऐकवलं आणि आम्ही तीन दहाची गाडी पकडली. निघून अर्धा तास झाला असेल, गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. इटालियनमधून घोषणा होत होत्या, कळत काहीच नव्हतं. समोरच्या बाकावरचं एक जोडपं आमच्याच बोटीचं होतं. ते आणि आम्ही एकमेकांकडे बघत होतो. पन्नास मिनिटांनी गाडी हलली. पाचला दहा कमी असताना आम्ही स्टेशनात उतरलो आणि साडेपाचला बोटीवर चढलो. ठेवलेला तास जवळजवळ सगळा खर्ची पडला होता.

सातला बोट सुटायची होती. आम्ही कठड्याशी उभे होतो. खाली शिडी काढून घेतलेली, दोर सोडायला सुरुवात झालेली. तेवढ्यात धक्क्यावरून दोन माणसं धावत येताना दिसली. दोघं साठीच्या पुढची. बाईंच्या हातात चपला होत्या. धक्क्यावरच्या माणसाने हात वर करून त्यांना थांबवलं. बोट आणि धक्का यांच्यामध्ये तेव्हा जेमतेम दहा-बारा फूट पाणी असेल. वरून काही लोक टाळ्या वाजवत होते, हसत होते. अक्का तोंड फिरवून आत गेल्या.

ती दोघं दुसऱ्या दिवशी नेपल्सला रेल्वेने येऊन बोटीवर चढली. त्यांच्याशी बोलले तेव्हा कळलं, की बोटीवरच्या लोकांनी त्यांच्या खोलीतल्या तिजोरीतून पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटकडे देऊन ठेवले होते. कोणी चढलेलं नाही असं लक्षात आलं, की बऱ्याच बोटी असं करतात. पण पतीच्या रक्तदाबाच्या गोळ्या खोलीतच राहिल्या होत्या. रात्र त्यांनी बंदराजवळच्या हॉटेलात काढली. त्यांचं नशीब, की पुढचं बंदर त्याच देशात होतं. ते शेंगेनबाहेरच्या देशात असतं, तर व्हिसाचीही अडचण येऊ शकली असती.

म्हणून बंदराच्या दिवसाची पिशवी. बोटीचं कार्ड, पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची प्रत (मूळ पासपोर्ट न्यायचा की नाही हे बोटीवर विचारून घ्यावं, काही बोटी तो स्वतःकडे ठेवतात), एक क्रेडिट कार्ड, थोडे युरो, त्या दिवसाची आणि पुढच्या दोन दिवसांची औषधं, फोनला ताकद देणारी बॅटरी, पाणी, टोपी. आणि त्या दिवसाचं पत्रक. त्यावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. ही आजीचीच कापडी पिशवी, तिला आता चेन आहे एवढंच. नेपल्ससारख्या शहरात ती पाठीवर नको, पुढे छातीशी असावी.

बोटीने आयोजित केलेली सहल घ्यावी की आपलं आपण जावं, हा नेहमीचा प्रश्न. बोटीची सहल महाग असते, पण तिला उशीर झाला तर बोट थांबते, किंवा पुढे पोचवायची सोय कंपनी करते. स्वतः गेलात तर जबाबदारी सगळी आपली. माझा नियम सोपा आहे. जागा बंदरापासून तासाभराहून लांब असेल आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर बोटीची सहल घ्यावी. जवळ असेल तर आपलं आपण. लिव्होर्नोहून पिसा रेल्वेने वीसेक मिनिटांवर आहे, फ्लॉरेन्स मात्र दीड तासाच्या घरात. नेपल्सला बोट शहरातच लागते. तिथून पॉम्पेईला लोकल गाडीने पाऊण तास धरावा. ही गाडी बंदरापासून थोड्या अंतरावरच्या गारिबाल्दी स्टेशनातून सुटते. मार्सेयला बोट जुन्या बंदरापासून बरीच लांब लागते, तिथे शहरात जाणाऱ्या बसची वेळ आधीच विचारून ठेवावी.

पॉम्पेईला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे अख्खं शहर आहे. एका दिवसात ते संपत नाही, दोन-तीन तासांत तर नाहीच. नोव्हेंबर २०२४ पासून तिथे दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून तिकीट आधी काढावं. सावली जवळजवळ नाही. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. फोरम, सार्वजनिक स्नानगृह, एखादं-दोन घरं एवढंच ठरवून पाहावं. अक्कांनी तिथली बेकरी पाहिली, दगडी जाती आणि भट्टी. "आपल्या जात्यासारखंच की गं," म्हणाल्या. पुढे त्यांना दुसरं काही बघायचं नव्हतं, आणि आम्ही त्यांना ओढत नेलं नाही.

आणि एखादं बंदर सोडून द्यायलाही शिकावं. मार्सेयला आम्ही उतरलोच नाही. रिकाम्या बोटीवर निवांत चहा घेत बसलो. सगळ्या बंदरांवर उतरलंच पाहिजे असा काही नियम नाही.

तिसरी ताटातूट : उतरतानाची

शेवटच्या रात्री दहा-अकराच्या सुमारास मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. त्या सकाळी थेट धक्क्यावरच्या दालनात मिळतात. इथे गंमत होते. माणसं उत्साहाने सगळं भरून टाकतात आणि सकाळी लक्षात येतं, की अंगावर रात्रीचे कपडे आहेत आणि बूट बॅगेत गेले. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ बोटीच्या पांढऱ्या सपाता घालून उतरले. म्हणून आधी सकाळचे कपडे, बूट, औषधं, कागदपत्रं पलंगावर काढून ठेवावीत आणि मगच बॅगेची चेन लावावी. सामान हलकं असेल तर स्वतःच उचलून उतरता येतं, त्यात सगळ्यात कमी कटकट. परतीचं विमानही दुपारनंतरचं घ्यावं.

हे सगळं युरोपचं सांगितलं, पण मुंबईहून निघणाऱ्या गोवा-लक्षद्वीपच्या बोटींनाही हाच हिशेब लागतो. लक्षद्वीपला तर अजूनही मोठी बोट बाहेर उभी राहते आणि लहान बोटीतून किनाऱ्यावर जावं लागतं, अगदी आमच्या वेंगुर्ल्याच्या पडावासारखं. अशा ठिकाणी परतीच्या शेवटच्या लहान बोटीची वेळ हीच आपली वेळ.

बार्सिलोनाच्या धक्क्यावर उतरल्यावर आमच्या 'ह्यांनी' न सांगता सामान ओळीने लावलं आणि मोजायला लागले. अक्कांनी मात्र औषधांचा बटवा छातीशी धरून ठेवला होता. "हा मोजू नकोस," म्हणाल्या, "हा माझ्याच हातात राहणार."

आपला प्रवास सुखाचा होवो. निघताना डाग मोजायला विसरू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)